तळाच्या दोन पोत्यांचं काय करू?

पाटण तालुक्यात कोयनेच्या काठी राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. घरच्या उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा मे महिन्याच्या शेवटी काढल्या, तेव्हा वळवाच्या दोन सरींनी त्या गाठल्या. घाईघाईने वाळवून सात पोती भरली आणि आतल्या खोलीत भिंतीला लावून रचली. वरचं एक पोतं आषाढी एकादशीपासून वापरात होतं. श्रावणात, घरच्या उपवासांसाठी आणि बचत गटातून विकायच्या चटणी-लाडवांसाठी, बाकीची पोती उघडली तर तळाची दोन ओलसर लागली. शेंगांवर हिरवट-पिवळी बुरशी, आत दाणे काळपट. सासूबाईंना त्या आत्या म्हणतात. आत्यांचं म्हणणं असं की चांगले दाणे निवडून खरपूस भाजले की दोष जातो, उरलेले घाण्यावर द्यायचे, तेल घरात येईल आणि पेंड म्हशीला होईल. ताईंनी मोबाइलवर वाचलं होतं की या बुरशीने कर्करोग होतो. त्यांनी कुणाला न विचारता दोन पाट्या उकिरड्यावर टाकल्या. आत्यांनी त्या भरून परत आणल्या आणि तेव्हापासून त्या सुनेशी बोलत नाहीत. नवरा म्हणतो, "निवडून घे आणि विषय संपव." त्यात कराडच्या एका दुकानाची वीस किलो चटणीची मागणी उभी आहे. ताई विचारतात: सगळ्याच शेंगा टाकून देऊ का? आत्यांना कसं समजावू? आणि माझा चार वर्षांचा मुलगा महिनाभर याच शेंगांचे लाडू खातोय, त्याला काही होईल का?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. त्या ओळीची अक्षरं बाकीच्या पत्रापेक्षा दाबून लिहिलेली आहेत, म्हणजे झोप तिथेच उडाली आहे.

मुलगा खेळतोय, जेवतोय, डोळे पिवळे नाहीत, लघवी गडद पिवळी नाही, उलट्या नाहीत, पोट दुखत किंवा फुगत नाही, असं असेल तर आज घाबरण्यासारखं काही नाही. यातलं काही दिसलं तर मात्र घरगुती काढे करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि शेंगांची हकीकत त्यांना सांगा. या बुरशीच्या विषाने माणसं एकदम आजारी पडल्याचं आपल्या देशात घडलेलं आहे. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवेळी पावसात मका भिजला आणि त्याला बुरशी आली. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून लोक तोच मका दोन्ही वेळा, कित्येक आठवडे खात राहिले. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभराहून जास्त माणसं गेली. गावातली कुत्रीसुद्धा मेली. तुमच्या मुलाने खाल्ला तो दिवसाला एखादा लाडू, आणि तोही वरच्या पोत्यातल्या शेंगांचा. तळाची पोती तुम्ही आत्ता उघडलीत. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

पण म्हणून विषय सोडूनही देता येत नाही. खरी काळजी असते ती थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात जाण्याची. या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. अस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी आणि तिचे जातभाई ते तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्याच गटात ठेवलं आहे, आणि ते जाऊन बसतं यकृतात. ज्याला 'ब' प्रकारच्या काविळीचा जुना संसर्ग आहे, त्याच्यात हा धोका कैक पटींनी वाढतो. म्हणून पहिलं काम हे करा: मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. 'ब' काविळीची लस जन्मल्यावर आणि नंतर दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या डोसांत मिळालेली असते. एखादा डोस चुकला असेल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तुमचं मन हलकं व्हायला याचा उपयोग होईल, आणि यकृताला संरक्षणही मिळेल.

आता शेंगांकडे येते. तुमचं पत्र वाचताना मला एक गोष्ट खटकली. तुम्ही लिहिलंय, "आत्या जुन्या वळणाच्या, त्यांना हे कळणार नाही." मला तसं वाटत नाही. माझं माहेर खटाव तालुक्यातलं. आमच्याकडे शेंगांचं पोतं शिवण्याआधी आजी मूठभर शेंगा कानाजवळ धरून वाजवायची. आत दाणा खुळखुळला तर वाळल्या, मुका आवाज आला तर अजून एक ऊन. मग एक दाणा दाताखाली धरायची. कट् करून मोडला पाहिजे, दबला नाही पाहिजे. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की शास्त्रही वेगळं काही सांगत नाही. शेंगेत ओल आठ-नऊ टक्क्यांच्या वर आणि सोललेल्या दाण्यात सात टक्क्यांच्या वर राहू नये, नाहीतर ही बुरशी पाय पसरते. ओल उतरली की दाणा आकसून टरफलापासून सुटतो, म्हणून वाजतो. तुमच्या आत्यांना हे येत असणार. निवडणं, पाखडणं, ऊन दाखवणं या त्यांच्या सवयींनीच इतकी वर्षं तुमचं घर सांभाळलं आहे. त्यांची गफलत होते ती तीन ठिकाणी, आणि तिथे त्यांचा दोष नाही. हे विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, नाकाला कळत नाही. जे इंद्रियांना कळत नाही, ते अनुभवातून शिकता येत नाही.

पहिली गफलत भाजण्याची. भाजल्याने बुरशी मरते, हे खरं. पण बुरशीने आधीच दाण्यात सोडलेलं विष मरत नाही. ते साधारण २४० अंशांच्या पुढे मोडायला लागतं. आपण कढईत दाणे भाजतो ते त्याच्या पुष्कळ खाली, आणि तेवढ्या आचेवर नेले तर दाण्याचा कोळसा होईल. भाजून थोडं कमी होतं, संपत नाही. शिवाय भाजल्यावर खमंग वास सुटतो आणि कुबट वास झाकला जातो, म्हणजे उरलीसुरली खूणही गेली.

इथेच आणखी एक गैरसमज सांगते, कारण तो तुमच्याही पत्रात आहे: "मी एकेक दाणा चाखून पाहिला, कडू लागले नाहीत." कडू किंवा खवट दाणा आणि विषारी दाणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. ते हवेने, उन्हाने, जुनं झाल्याने खराब होतं आणि दाणा खवट लागतो. अशा दाण्यात विष असेलच असं नाही, आणि गोड लागणाऱ्यात नसेलच असंही नाही. कडू दाणा थुंकून टाकावा, हे बरोबर. पण चाखणं ही परीक्षा नव्हे. ते कृपा करून बंद करा.

दुसरी गफलत घाण्याची. घाण्यावर तेल निघतं तेव्हा बहुतेक विष पेंडीत राहतं, थोडं तेलाबरोबर येतं. मोठ्या कारखान्यात तेल शुद्ध करताना त्यावर क्षाराची प्रक्रिया होते, तेव्हा ते निघून जातं. आपल्या लाकडी घाण्यावर अशी प्रक्रिया नसते, आणि तेलातला साका म्हणजे पेंडीचाच बारीक कण. मी घाण्याच्या तेलाच्या विरोधात नाही, आमच्या घरी तेच येतं. पण घाण्यावर द्यायचा दाणा चटणीच्या दाण्याइतकाच निवडक हवा. "खराब निघाले, घाण्याला देऊ" हे गणित उलटं आहे.

तिसरी गफलत म्हशीची, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. हे विष जगाला पहिल्यांदा कळलं तेच मुळी पेंडीमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्ष्यांची पिल्लं पटापट मेली. कुणाला कारण उमगेना. शेवटी शोध लागला तो त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीत. म्हैस टर्कीच्या पिल्लासारखी तडकाफडकी मरणार नाही, तिची काया मोठी. पण तिने खाल्लेल्या विषाचा काही हिस्सा रूप बदलून दुधात उतरतो, आणि तो उतरायला दिवससुद्धा लागत नाही. दूध उकळून तो जात नाही. दह्यात, ताकात, खव्यात तो राहतो. म्हणून आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत दुधासाठी मर्यादा फार कडक आहे: किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. तुम्ही मुलाचा लाडू बंद कराल आणि तेच पेल्यातून त्याच्या हातात द्याल. उरलेलं दूध डेअरीला जाईल, म्हणजे गावातल्या आणखी चार पोरांच्या पोटात. आत्यांना ही एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगा. ज्या बाईने जनावर हाताने वाढवलंय, तिला दुधाचं म्हणणं पटतं.

आता तुमच्या बाजूचा हिशेब. सातही पोती टाकून द्यावीत असं तुम्हाला वाटतंय. ते भीतीने वाटतंय, आणि मला ते पटत नाही. त्याच वेळी, दोन पोती काढली की बाकीची पाच निर्धोक, असंही मी म्हणणार नाही. या बुरशीचा स्वभाव समजून घ्या. ती पोत्यात सारखी पसरलेली नसते. शंभर दाणे स्वच्छ असतात आणि एकाच दाण्यात एवढं विष असतं की ते अख्ख्या घाण्याला पुरावं. पुढे प्रक्रियेला जाणाऱ्या दाण्यांसाठी नियमातली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, थेट खायच्या तयार दाण्यांसाठी १०. १५ मायक्रोग्रॅम म्हणजे एका टन दाण्यांत १५ मिलिग्रॅम, चिमटीत धरलेल्या मिठाच्या दोन-चार खड्यांएवढं. एक खराब दाणा वेळेवर बाहेर काढण्याला म्हणूनच एवढं मोल आहे, आणि म्हणूनच निवडणं हे बायकांचं किरकोळ काम नाही.

तर माझा सल्ला असा.

बुरशी डोळ्यांनी दिसतेय ती दोन पोती पूर्ण बाद. त्यातून 'चांगले' निवडू नका, कारण तिथे चांगला दिसणाराही ओलीत तीन महिने राहिलेला आहे. उकिरड्यावर टाकू नका, कोंबड्या टिपतात आणि जनावरं तोंड घालतात. विहिरीपासून लांब, ओढ्याच्या वाहत्या पाण्यापासून दूर खड्डा करून पुरा. हलवताना नाकातोंडाला फडकं घट्ट बांधा, बंद खोलीत ती पोती झटकू किंवा पाखडू नका. ती पूड श्वासातून आत जाणंही चांगलं नाही. टरफलं चुलीत घालू नका. मुलाला त्या दिवशी अंगणातसुद्धा ठेवू नका. बारदान परत वापरू नका.

उरलेली पोती एकेक करून उघडा. वरून मूठभर बघून भागत नाही, हात कोपरापर्यंत घाला, तळाच्या आणि भिंतीकडच्या कोपऱ्यातल्या शेंगा काढा. गरम लागतं का, कुबट वास येतो का, जाळी किंवा भुंगे दिसतात का ते बघा. किडा लागला की त्याच्या श्वासानेही पोत्यात ओल धरते आणि भोक पाडलेल्या शेंगेत बुरशीला दार उघडं मिळतं. मग एक सोपी परीक्षा करा. मीठ तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या. कोरड्या काचेच्या बाटलीत ते दोन चमचे आणि बाटली निम्मी होईल एवढे दाणे घाला, झाकण लावून हलवा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मिठाचे गोळे झाले, ते काचेला चिकटलं, तर दाण्यात ओल नक्की आहे. ते सुटं राहिलं तर अगदी शंभर टक्के खात्री म्हणता येणार नाही, पण वाजणारी शेंग, कट् मोडणारा दाणा आणि सुटं मीठ, हे तिन्ही जुळलं की मी ते पोतं वापरायला घेईन. ओल निघाली पण बुरशी नाही, असं असेल तर पावसाच्या उघडीपीची वाट बघू नका. पंख्याखाली, ताडपत्रीवर एकेरी थर पसरा.

मग सोलणं. आमच्याकडे बायका फोडायला सोपं जावं म्हणून शेंगांवर पाण्याचा हबका मारतात. हे करू नका. वाळलेल्या शेंगेला पुन्हा ओल देऊन आपण सगळी मेहनत घालवतो. सोलल्यावर सुरकुतलेले, काळपट, किडके, फुटके, कोंब फुटलेले दाणे बाजूला. भाजून गार झाले की साल चोळून पाखडा आणि दाणे पांढऱ्या धोतरावर किंवा चादरीवर पसरा. आता दाणे दोन पाकळ्यांत सुटतात आणि आतलं दिसतं. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या दाण्याच्या पोटात कधी करडी-हिरवी रेघ असते. पांढऱ्या कपड्यावर, दिवसाच्या उजेडात, ती लपत नाही. मी विकण्यासाठी करत असते तर एका पोत्यातून वेगवेगळ्या जागचे शंभर दाणे असे फोडून बघितले असते, आणि दोन-तीन जरी आतून बुरशीचे निघाले तर ते पोतं विक्रीला घेतलं नसतं. हा माझा स्वतःचा दंडक आहे, नियमाचा नाही.

कारण घरचं ताट आणि विकायचा माल यांत फरक आहे, ताई. तुमच्या घरात काय झालं हे तुम्हाला माहीत आहे. कराडच्या दुकानातून पुडी उचलणाऱ्या बाईला ते माहीत नाही, तिने तुमच्यावर विश्वास ठेवलाय. म्हणून दुकानदाराला आजच फोन करा आणि सांगा की या खेपेचा माल दोन आठवडे उशिरा मिळेल. पाहिजे तर कारणही सांगा. मला वाटतं, ते ऐकून तो तुमच्याकडून जास्त दिवस माल घेईल. बचत गटातल्या सगळ्यांनी मिळून हंगामात एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा. नमुना एका पोत्याच्या तोंडातला मूठभर नको. सगळ्या पोत्यांतून, वर-मध्ये-खाली असा थोडा थोडा घेऊन, एकत्र करून द्या, नाहीतर अहवाल तुमच्या मालाबद्दल काहीच सांगणार नाही. चटणीत शेंगदाणे एकटे नसतात, हेही ध्यानात ठेवा. लाल मिरची आणि सुकं खोबरं यांनाही हीच बुरशी धरते. देठाशी पांढरट पडलेली मिरची आणि पाठीला हिरवट झालेली वाटी घेऊ नका. आणि पुडीवर "यात शेंगदाणा आहे" हे ठळक लिहा. लाडवात काजू-बदाम घालत असाल तर तेही. ज्यांना त्याची ॲलर्जी असते त्यांच्यासाठी तो जिवाचा प्रश्न असतो, आणि वेष्टनावर तसं लिहिणं नियमाने बंधनकारक आहे.

भाजल्यानंतरची एक चूक मी अनेक घरगुती उद्योगांत पाहिली आहे, तीही सांगते. कच्च्या शेंगा ज्या सुपात पाखडल्या त्याच सुपात भाजलेले दाणे पाखडायचे. कच्च्या शेंगेला माती असते, उंदरा-चिचुंद्रीचा वावर असतो, जनावरांच्या गोठ्याचा हात लागलेला असतो. भाजल्याने जंतू मरतात, आणि सुपातून ते पुन्हा वर येऊन बसतात. त्यानंतर चटणी काही शिजवली जात नाही. साल्मोनेला नावाचा जुलाब-तापाचा जंतू कोरड्या, तेलकट पदार्थात वाढत नाही, पण महिनोन् महिने तग धरून राहतो. अमेरिकेत २००८-०९ साली शेंगदाण्याच्या लोण्यातून तो पसरला. सातशेहून जास्त लोक आजारी पडले, नऊ दगावले. म्हणून भाजलेल्यासाठी सूप, चाळणी, परात, झाकण सगळं वेगळं. खलबत्ता किंवा मिक्सर पूर्ण कोरडा. हात धुवून, पुसून. ज्या बाईला जुलाब होताहेत तिने त्या दिवशी पुड्या भरू नयेत, मग ती गटाची अध्यक्ष का असेना. आणि दाणे अगदी गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. कोमट दाण्याची वाफ झाकणाला धरते, थेंब होऊन खाली पडते, आणि पुन्हा तेच ओलीचं चक्र.

आता मूळ दुखण्याकडे. तुम्हाला वाटतंय शेंगा श्रावणात बिघडल्या. त्या मे महिन्यातच बिघडल्या. तळाच्या पोत्यांत भरल्या त्या बहुधा सरीनंतर गोळा केलेल्या शेवटच्या शेंगा असाव्यात. त्यांना पुरतं ऊन मिळालं नाही, मग पोतं फरशीवर, पाठ भिंतीला, आणि वर पाच पोत्यांचं ओझं. कोयनेच्या खोऱ्यातला जून-जुलै भिंतीतून पाझरतो, हे मी तुम्हाला काय सांगायचं! त्यात आपल्याकडे शेंगदाणा सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो नेमका याच महिन्यांत. आषाढी, श्रावणी सोमवार, पुढे नवरात्र. खिचडीत कूट, वऱ्याबरोबर दाण्याची आमटी, वर लाडू. साठा जेव्हा सगळ्यात दमट असतो तेव्हा आपण तो सगळ्यात जास्त खातो.

पुढच्या वर्षी काढणी आली की पाऊस कधी येणार ते बघून उपटा. वेल दोन दिवस शेंगा वर करून शेतातच राहू द्या. तोडलेल्या शेंगा ताडपत्रीवर, चार बोटांपेक्षा जाड थर नको, दिवसातून दोन-तीनदा हात फिरवून, संध्याकाळी गोळा करून झाकून. पाच-सहा चांगली उन्हं मिळाली पाहिजेत. बियाण्याच्या शेंगा मात्र वेगळ्या काढून सावलीत वाळवा, मेच्या कडक उन्हाने उगवण जाते. सरीत सापडलेल्या शेंगा वाळलेल्यांत मिसळू नका, त्यांचा ढीग शेवटपर्यंत वेगळा ठेवा. ही एक सवय या वर्षी असती तर तुमची बाकीची पोती आज संशयात नसती. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, तीन-चारच्या वर थर नको. शक्य तोवर शेंगाच ठेवा, दाणे लागतील तसे सोला. टरफल हे निसर्गाने दिलेलं झाकण आहे. खताच्या रिकाम्या पिशव्या कितीही भक्कम वाटल्या तरी अन्नाला नको. हवाबंद पिशव्या मिळतात, त्या चांगल्या, पण कडकडीत वाळलेल्या मालालाच. ओला माल त्यात भरला तर तो आतल्या आत नासतो.

माण-खटाव, आटपाडी, जतकडच्या वाचकांनी हे वाचून "आमच्याकडे कुठे एवढा पाऊस" असं म्हणू नये. ही बुरशी मातीतच असते. शेंगा भरण्याच्या शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात पावसाने दडी मारली, जमीन तापली, शेंगेला भेगा गेल्या, हुमणीने किंवा वाळवीने टरफल कोरलं, की ती शेतातच आत शिरते. पश्चिमेला पावसाने आणि पूर्वेला दुष्काळाने, एकाच जिल्ह्यात दोन वाटांनी ती घरात येते. त्या भागात शेवटचं एक पाणी देता आलं तर द्या, आणि कोरलेल्या, फुटलेल्या शेंगा काढणीलाच वेगळ्या करा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, साताऱ्याजवळ बोरगावला किंवा कराडजवळ कालवड्याला, वाळवणीबद्दल विचारायला संकोच करू नका.

शहरातल्या वाचकांसाठी थोडंसं. दाणे, अक्रोड, पिस्ते, बदाम महिन्याला पुरतील तेवढेच आणा. दिवाळीत आलेला सुक्या मेव्याचा डबा उन्हाळ्यापर्यंत फडताळात ठेवू नका. अक्रोड सगळ्यात लवकर खवटतो. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं तर ते टिकतं, पण डबा बाहेर काढून लगेच उघडू नका. बाहेरच्या हवेइतका होऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. कूट आठवड्याचाच करा आणि चमचा कोरडा.

राहिल्या आत्या. ताई, त्यांनी उकिरड्यावरून त्या पाट्या परत आणल्या यात अडाणीपणा दिसतो का तुम्हाला? मला तर निंदणीला वाकलेली पाठ दिसते. त्या शेंगांत त्यांचे चार महिने गेलेत, आणि कुणी न विचारता त्या टाकल्या. बरोबर निर्णय तुम्ही चुकीच्या पद्धतीने घेतलात. आधी तेवढं त्यांच्याजवळ कबूल करा. "आत्या, विचारायला पाहिजे होतं." मोबाइल पुढे करू नका. त्याऐवजी मुलाला दिलेल्या दुधाचा पेला आणि म्हशीची पेंड, यांची गोष्ट सांगा. मग पांढरं धोतर अंथरा आणि उरलेल्या पोत्यांतले दाणे त्यांच्यापुढे ठेवा. त्यांच्या नजरेला जो दाणा खटकेल तो तुमच्या-माझ्या नजरेतून सुटतो. कुठलं पोतं ठेवायचं आणि कुठलं नाही, हे ठरवताना शेवटचा शब्द त्यांचा असू द्या. मागच्या वेळी तो कुणी विचारलाच नव्हता.

आणि खड्डा तुमच्या मालकांनी खणावा. "विषय संपव" ते म्हणाले आहेत ना, तर आत्यांना आदल्या दिवशी सांगून, सकाळी लवकर ती दोन बाद पोती त्यांनी शेतावर न्यावीत.